हेल्गा आजींच्या भावाचं पान

हे लिहावं की नाही, यावर बरेच दिवस घालवले. मी नागपूरची, बाबा फिजिक्सचे प्राध्यापक, आणि ‘कावळा शिवला नाही’ म्हणणाऱ्यांची मी आयुष्यभर टिंगल केली आहे. सर्वपित्रीला पान ठेवायचं ते सासूबाईंच्या समाधानासाठी, बस्स.

शिकागोत डेव्हन ॲव्हेन्यूच्या मागच्या गल्लीत आम्ही वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो. खाली घरमालकीण, हेल्गा आजी. मूळच्या पूर्व प्रशियातल्या, म्हणजे तेव्हाच्या जर्मनीतल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात, रशियन फौजा आल्या म्हणून घर सोडून पळताना स्टेशनवरच्या गर्दीत त्यांच्या हातातून धाकट्या भावाचा, कुर्टचा हात सुटला. पोर पाच वर्षांचं. पुढे काहीच कळलं नाही.

आजींच्या मुलाला, मार्कला, फॅमिली ट्रीचं वेड. तिकडच्या चर्चच्या जुन्या नोंदी मागवून मागवून गडी खापरपणजोबांच्याही पलीकडे पोचला होता. आजींच्या हॉलमध्ये भिंतभर चार्ट. त्यात कुर्टपुढे लिहिलेलं – मृत्यू १९४५. कुणी सांगितलं? कुणीच नाही. जागा रिकामी बरी दिसत नव्हती म्हणे.

२००६ ची सर्वपित्री. सासूबाई आमच्याकडे आल्या होत्या. मागच्या पोर्चवर सासऱ्यांचं पान ठेवत होतो, तेवढ्यात आजी वर आल्या. काय चाललंय ते विचारून घेतलं आणि हळूच म्हणाल्या, “माझ्या भावाचंही ठेवशील?” खाली जाऊन बटाट्याचं, आपल्या थालिपिठासारखं दिसणारं काहीतरी घेऊन आल्या. कुर्टला आवडायचं ते.

कावळा आला. सासऱ्यांच्या पानातला वडा घेऊन गेला, परत येऊन खिरीत चोच घातली. शेजारच्या पानाकडे मात्र ढुंकूनही बघितलं नाही... अंधार पडेपर्यंत तसंच.

सासूबाई म्हणाल्या, “अगं, जित्या माणसाचं पान कुणी वाढतं का? चौकशी करायला सांग तिला.”

मी गंमत म्हणून आजींना सांगितलं. त्या हसल्या नाहीत. रविवारी मार्क आला तेव्हा त्याच्यापाशी विषय काढला.

“मॉम, कमॉन! त्या थंडीत एवढंसं पोर जगेल? आणि चार्ट फायनल झालाय.”

सख्खा मामा होता हो त्याचा! पण आजींना वाटायचं, यातलं मार्कलाच कळतं. विषय सोडून दिला. वर्ष गेलं.

२००७ ला पुन्हा तेच. आमचं पान साफ, कुर्टचं जसंच्या तसं. या वेळी आजींनी मार्कला विचारलंच नाही. हरवलेल्यांचा शोध घेणाऱ्या तिकडच्या एका संस्थेला आम्ही दोघींनी माझ्या कॉम्प्युटरवरून ईमेल केली. मग वाट बघत बसलो.

२००८. कुर्टचं पान ठेवून मी हात मागे घेते न घेते तोच कावळा त्यावर उतरला. खरं सांगते, मला बरं वाटलं... झालं एकदाचं! वळून बघते तर आजी पायरीवर बसलेल्या.

“गेला,” म्हणाल्या. एवढंच.

दिवाळीच्या आधी, मी खाली आजींकडे बसले असताना संस्थेचा फोन आला. मार्क तिथेच होता, त्यानेच घेतला. कुर्ट सापडला होता. शेजारच्या लिथुआनियात एका शेतकरी बाईने त्याला वाढवलं, आयुष्य तिथेच गेलं. बहिणीला तोही शोधत होता, पण तिचं लग्नानंतरचं आडनाव त्याला कुठून कळणार? ऑगस्टमध्ये वारला.

मार्कने लॅपटॉप उघडला आणि १९४५ च्या जागी २००८ टाकलं.

“लग्न झालं होतं का रे त्याचं? मुलंबाळं?” आजींनी विचारलं.

“ते नाही विचारलं, मॉम. तारीख घेतली.”

मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. आपल्या घरमालकिणीचा मुलगा म्हणून हात आवरला.

कावळ्याचं म्हणाल तर योगायोग म्हणा, बटाटा आवडत नसेल म्हणा. मग तिसऱ्या वर्षी कसा आवडला? बाबांना फोनवर सांगितलं, तर ते नुसतं ‘हं’ म्हणाले.

मार्क गेल्यावर मी आजींना म्हटलं, “पुढच्या वर्षी कुर्टसाठी आपण नीट सगळा स्वयंपाक करू.”

“नको,” आजी म्हणाल्या. “तो जिवंत होता आणि दोन वर्षं मी त्याला मेलेल्यांच्या पंगतीत वाढलं.”