एक्स-रेमधला डाग

माझ्या छातीच्या एक्स-रेत उजवीकडे, वरच्या बाजूला एक पांढरट डाग दिसतो. नर्सिंग शिकत असताना मला क्षय झाला होता, त्याची ती खूण. औषधांचा पूर्ण कोर्स केला, बरी झाले, गोंदियाच्या एका दवाखान्यात नोकरीला लागले, लग्न झाले. डाग मी विसरूनही गेले होते. मग ह्यांना ऑस्ट्रेलियात वेल्डरचे काम मिळाले, ते पुढे गेले, आणि मागून माझा व्हिसाचा अर्ज भरताना प्रश्न आला, पूर्वी कधी क्षय झाला होता का? त्या एका ओळीपुढे माझी श्रद्धा डळमळली, हे मोकळेपणाने सांगते. ज्या आजारातून आमच्या गावच्या देवीमातेने मला उठवले असे मी मानत आले, तोच आजार तिने आता वाटेत का उभा केला?

अर्ज भरून देणारा एजंट सहज म्हणाला, “मॅडम, पुरानी बात है, मत लिखो. ठीक हो गई ना आप?” मी अर्ज तसाच उचलला आणि नवेगाव बांध या गावी, माहेरी आले. बाबा धानाच्या बांधीत पाणी वळवत होते. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसून त्यांना सगळे सांगितले.

“लपवून काऊन जाऊन राहिली बाई?” ते म्हणाले. “चोरी केली का तू? बिमार होती, बरी झाली. तेच लिहून दे.”

“आणि व्हिसा नाही भेटला त?”

“त नाही भेटन. जावई येतीन इकडे. पण खोटं बोलून गेली, न् मंग कधी धरलं, त दोघायलेही वापस यावं लागन.”

बाबांचे बोलणे असेच, मलमपट्टी न करणारे. पण माझी पाठ ताठ झाली. तलावाकाठच्या मातेच्या देवळात गेले. नवस बोलले नाही. एवढेच म्हटले, मी खरे लिहिते आहे, पुढचे तू बघ. आणि अर्जात आजार, उपचार, सगळे लिहिले.

तपासणी हैदराबादला होती. जवळच्या अर्जुनी स्टेशनहून बल्लारशाह, तिथे गाडी बदलून पुढे, असे आम्ही बापलेक गेलो. एक्स-रे पाहून डॉक्टर शांतपणे म्हणाले की जुना क्षय होता म्हणून व्हिसा नाकारत नाहीत, तो आज जिवंत आहे का एवढेच बघायचे असते. त्यासाठी सलग तीन दिवस सकाळी थुंकी द्यायची. प्रयोगशाळेत त्यातून जंतू वाढतात का ते बघायला आठवडेच्या आठवडे लागतात, तोवर अर्ज थांबलेला राहतो.

मी नर्स. कित्येक रुग्णांना “खोलवरून खोका, नुसती लाळ नको” असे सांगितले होते. आता माझ्या छातीतून काही निघेना. छाती कोरडी ठणठणीत. खोकून खोकून बरगड्या दुखल्या, वाफ दिली, तरी डबीत लाळच. तपासनीसाने ती परत केली आणि बाहेर अंगणात थोडे बसून पुन्हा यायला सांगितले. मी बाकावर बसले आणि मास्कच्या आत रडू लागले. बरी असल्याचा पुरावा द्यायला आले होते, आणि बरी असल्यामुळेच अडले होते.

पलीकडच्या बाकावर एक म्हातारी बाई होत्या. राजनांदगावकडच्या, लेकीच्या बाळंतपणाला परदेशी निघालेल्या. त्यांच्याही एक्स-रेत जुना डाग निघाला होता. माझी अडचण ऐकून त्यांनी विचारले, “गाथस का, नोनी?” गातेस का, मुली? आमच्याकडे छत्तीसगढी कानावर पडतेच, मला कळले. मी नकारार्थी मान हलवली. आजारपणानंतर मी कधी मोठ्याने गायलेच नव्हते. त्यांनी देवीचे जसगीत धरले, भर अंगणात, टाळ्या वाजवत. “लाज झन कर. जोर से गा.” लाजू नकोस, मोठ्याने गा.

लोक बघत होते. बाबा मान खाली घालून हसत होते. मी गाऊ लागले. आधी पुटपुटत, मग श्वास भरून. वरच्या सुरात गेले तेव्हा छाती जणू पोटापासून उघडली. त्या वेळी मी व्हिसा मागत नव्हते, काहीच मागत नव्हते, नुसते तिचे नाव घेत होते. आणि तळातून खोकला आला. मी डबी घेऊन धावले. तपासनीस म्हणाला, “हां, अब ठीक है.”

पुढच्या दोन्ही सकाळी मी आधी गायले, मग डबी भरली. त्या बाई मात्र पुन्हा दिसल्या नाहीत. त्यांचा त्या दिवशीचा नमुना शेवटचा होता. नाव विचारायचे राहूनच गेले. त्या साक्षात माता होत्या असे मी म्हणत नाही. नातवंडाला बघायला निघालेली एक आजी होती. पण त्या सकाळी त्या बाकावर तिला कोणी बसवले, हे मी स्वतःला विचारते तेव्हा हात आपोआप जोडले जातात.

धान कापून झाले, मळणी झाली, तरी उत्तर नव्हते. ह्यांचा फोन आला की आधी निकालाचीच चौकशी व्हायची. पण मी ड्युटी चुकवली नाही, जेवण सोडले नाही. निकाल उलटा आला तर औषध पुन्हा घ्यायचे, मग पुन्हा अर्ज करायचा, हे मनाशी पक्के होते. शेवटी डॉक्टरांचा निरोप आला, जंतू वाढले नाहीत. तिकडे पोहोचल्यावर पुन्हा छाती दाखवीन असे लिहून दिल्यावर व्हिसा मिळाला.

इथे ऑस्ट्रेलियात आल्यावर पहिल्या तपासणीला मी एकटीच गेले. माझे इंग्रजी अजून अडखळते. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर एक्स-रे लावला, तेव्हा त्यांनी विचारायच्या आत मी डागावर बोट ठेवले आणि सगळे सांगितले. छाती धडधडली नाही. मला वाटते, शरण जाणे याहून फार वेगळे नसावे. आपल्याकडचे खरे मातेपुढे उघडे ठेवायचे, हातचे काम करत राहायचे, आणि ती म्हणेल ते घ्यायला उभे राहायचे. डॉक्टरीणबाईंनी पुढची तारीख दिली. मी ती घेतली आणि मातेचे आभार मानत घरी आले.