कुणाचा हात लागला

"हात लागला असेल हिचा."

साहेब एरवी सगळ्यांशी इंग्रजीत बोलायचे. हे वाक्य मात्र मराठीत. कुकटपल्लीच्या त्या प्रयोगशाळेत आम्ही सातजण, आणि मराठी कळणारे दोघंच, ते आणि मी. म्हणजे वाक्य माझ्यासाठीच होतं.

आम्ही उष्णतेवर चालणारे बारीक सेन्सर बनवायचो. ठिपक्याएवढी तापवलेली पट्टी, केसाहून बारीक चार पायांवर उभी. भोवतालची हवा पंपाने काढत गेलं की पट्टीतून बाहेर जाणारी उष्णता कमी कमी होते. त्यावरून हवा किती उरली ते कळतं. साहेबांच्या गणितात या उष्णतेच्या आलेखाची रेघ खाली जातच राहायची. माझ्या मोजणीत ती एका जागी येऊन आडवी व्हायची. रोज.

उघड्या बोटाचा तेलकटपणा लागला तर मोजणी बिघडते, हे खरं. म्हणूनच हातमोजे. सहा वर्षांत मी एकदाही हातमोज्यांशिवाय सेन्सरवरचं झाकण उघडलं नव्हतं. पण 'हात लागणं' याचा दुसरा अर्थ माझ्या घराला पिढ्यान्‌पिढ्या पाठ आहे. साहेबांनाही होता. आमची गावं मराठवाड्यातल्या एकाच तालुक्यातली.

माझी आई कोठी भागातल्या एका दवाखान्यात आया होती. थर्मामीटर धुवायची ती, वाचायचा कंपाउंडर. तिला वाचता येत होतं.

मी गणित पुन्हा मांडलं. हवा संपली तरी पाय आहेतच की! उष्णता त्यांच्यातून खाली उतरते. पाय हिशेबात धरले आणि रेघ माझ्या आकड्यांवर येऊन बसली. साहेबांना दाखवलं. हसले.

"पायांकडे कोण बघतं?"

त्याच महिन्यात कंपनीची पुनर्रचना निघाली. दोन विभाग एक होणार, काहीजण डिझाइनला राहणार, उरलेले पॅकिंगला. साहेबांनी माझ्यापुढे कागद सरकवला. मोजणी माझ्या निष्काळजी हाताळणीमुळे चुकली, असं त्यात होतं. सही केली तर डिझाइनला ठेवणार होते.

शेजारच्या टेबलावरच्या रझिया आपा कुजबुजल्या, "दस्तखत मार दे अम्मा. नौकरी बची तो बस है."

त्यांना माझी काळजी होती. खोटं कशाला सांगू, पेनचं टोपण मी काढलं होतं. मग आईचं ते थर्मामीटर आठवलं. टोपण परत लावलं.

"सर, आज सेन्सर तुम्हीच बसवा. मी काचेबाहेर थांबते."

सगळ्यांदेखत त्यांना नाही म्हणता येईना. नवा सेन्सर, नवे हातमोजे, हात त्यांचे. पंप सुरू झाला. रेघ खाली आली, आणि त्याच जागी आडवी झाली.

"आता कुणाचा हात लागला, सर?" मी मराठीतच विचारलं. हातमोजे काढून ते निघून गेले.

मला पॅकिंगला टाकलं. अहवालात पाय आले, माझं नाव आलं नाही. नावाच्या जागी साहेब.

तो कागद अजून माझ्याकडे आहे, सहीशिवाय. आता नवा सेन्सर निघालाय, पाय आणखी बारीक, आणि डिझाइनवाले माझी गणिताची वही मागायला खाली येतात. गोड बोलतात. मी वही छातीशी धरून उभी राहते. आधी माझं नाव लिहा. त्याआधी माझ्या गणिताला हात लावायचा नाही. कुणीही.