तबखीर

रसायन अभियांत्रिकीचा प्राध्यापक म्हणून मी चांगलं शिकवत होतो, हे माझे वैरीही कबूल करतील. मी नोट्स सांगत नसे. वर्गातच शेगडी पेटवायचो, वाफ थंड करून दाखवायचो आणि असं का झालं हे मुलांकडूनच काढून घ्यायचो. तरी विभागप्रमुखाची खुर्ची मिळाली ती पिवळ्या पडलेल्या वह्या वाचून दाखवणाऱ्याला. ते अजून मनातून जात नाही.

म्हणून निजामाचं राज्य विलीन झाल्यानंतरच्या एका उन्हाळ्यात उस्मानाबादला विज्ञान शिक्षकांचा वर्ग घ्या, असं शिक्षण खात्याचे साहेब म्हणाले, तेव्हा मी सौदा केला. माझ्या शिकवण्याबद्दल त्यांनी पत्र द्यायचं; ते घेऊन मला प्राचार्यांशी भांडायचं होतं. साहेबही कच्चे नव्हते. आजवर उर्दूतून शिकवणाऱ्यांपैकी कुणाला मराठीतून विज्ञान शिकवता येईल, ते मी लिहून द्यायचं ठरलं.

शिक्षकांत माझे परंड्याचे मास्तर होते. मी स्वतःच्या जिवावर वर आलो असं सांगतो, तेव्हा यांना वगळतो. शाळा सुटल्यावर रोज तासभर थांबवून त्यांनी उर्दूतून माझं गणित पक्कं केलं होतं.

शेवटच्या दिवशी साहेब वर्गात येऊन बसले. पातेल्यातलं पाणी आटत होतं.

"मास्तर, हे काय होतंय?" मी विचारलं.

"तबखीर," मास्तर पटकन म्हणाले आणि चपापले. "न्हाय, न्हाय... बाष्प... थांब की लेका, सांगतो."

सगळे हसले. सगळ्यांच्याच जिभेवर तोच उर्दू शब्द होता. मला मात्र वाटलं, साहेबांसमोर मला 'लेका' म्हटलं म्हणून हसले. डोकं फिरलं.

"निजाम गेला मास्तर, तुमची तबखीर कधी जाणार?"

आता कुणी हसलं नाही. मास्तर उभेच होते. "बरोबर हाय तुमचं," म्हणाले.

मला त्यांनी पहिल्यांदाच 'तुम्ही' म्हटलं.

त्याच रागात साहेबांना दिलेल्या यादीत मास्तरांच्या नावापुढं लिहिलं: मराठीतून शिकवण्यास अयोग्य. खरं सांगायचं तर पाणी आटताना पाहून आजही माझ्या मनात आधी तबखीरच येतं, बाष्पीभवन मागून.

दुसऱ्या दिवशी राग उतरला होता. साहेबांनी पत्र हातात ठेवलं. एक शेरा बदलायचाय, एवढंच म्हणायचं होतं. पण मग ते म्हणतील, यादी अशीच केलीत का? पत्र परत मागतील. मी पत्र घडी करून खिशात घातलं आणि मोटार पकडली.

जूनमध्ये मास्तरांचं विज्ञान गेलं, चित्रकला आली. दिवाळीत मी परंड्याला त्यांच्या घरी गेलो. त्यांनी सतरंजी अंथरली, चहा सांगितला. मी विषय काढताच म्हणाले, "त्यात काय वाईट वाटायचं? तुम्ही खरं तेच लिहिलं."

ते खरं नव्हतं. मी चहा पीत राहिलो.