परसूच्या गाडीची गळती

माझं शेवटचं मोठं पोस्टिंग उत्तरेकडच्या एका खिंडीखाली होतं. उंची चौदा हजार फूट. मी तेव्हा हवालदार, व्हेइकल मेकॅनिक. काफिल्याच्या अगदी शेवटी रिकव्हरी गाडी चालते, बंद पडलेल्यांना ओढून आणणारी. तिच्यात माझी जागा ठरलेली होती.

सकाळी साडेपाचला फर्स्ट परेड. ही परेड माणसांची नव्हे, गाड्यांची. प्रत्येक ड्रायव्हरने बॉनेट उघडायचं, तेल, पाणी, हवा बघायची, गाडीखाली वाकून जमिनीवर थेंब पडलाय का पाहायचं आणि मला रिपोर्ट द्यायचा. नाईक परशराम गावडे, आमचा परसू, हा रिपोर्ट हसत हसत द्यायचा. तो खानापूरकडचा, माझंही गाव त्याच भागातलं. मला तोंडावर उस्ताद म्हणायचा आणि पाठीमागे माझ्या नकला करायचा. मला ते ठाऊक होतं. नकला चांगल्या असायच्या, म्हणून मी काही बोललो नाही.

त्या दिवशी काफिला खिंड चढत होता. दुपारी चौदा वीसला रेडिओ बोलला.

"गाडी सहा. काटा लालवर. कूलंट गळतंय. ओव्हर."

आवाज परसूचा. मी म्हणालो, "सहा, कडेला घे आणि थांब. इंजिन बंद कर. मी येतोय. ओव्हर."

"रॉजर. आउट."

गाडी थांबवून त्याने को-ड्रायव्हरला कॅन देऊन खालच्या ओढ्यावर पाणी आणायला पाठवलं. चौदा एकोणतीसला तो पुन्हा रेडिओवर आला आणि थांबल्याचं कळवलं. चौदा एकतीसला वरून कडा कोसळला. मी दोन वळणं मागे होतो. ओढ्यावर गेलेला को-ड्रायव्हर वाचला. परसू गाडीत बसून होता.

तापलेलं इंजिन थांबवायचंच असतं. कुठल्याही मेकॅनिकने हेच सांगितलं असतं, आणि चौकशीतही तेच लिहिलं गेलं. तरी त्या जागी त्याला थांब म्हणणारा मी होतो.

त्याच वर्षी निवृत्त झालो आणि बेंगळुरूला आलो. परसूची बायको, मालूवहिनी, आधीच इथे आल्या होत्या. बसवनगुडीतल्या एका शाळेच्या ऑफिसात नोकरी, जे. पी. नगरात भाड्याचं घर, पदरात कॉलेजला जाणारी एक मुलगी. दारात परसूची गाडी. शेवटच्या सुट्टीत त्याने ही एसयूव्ही सेकंडहँड घेतली होती, अकरा दिवस चालवली आणि ड्युटीवर परत गेला. वहिनींना गाडी येत नाही. त्यांनी ती विकलीही नाही.

नऊ वर्षं झाली, मी दर रविवारी सकाळी सातला तिथे जातो. बॉनेट उघडतो. तेल, पाणी, हवा. वहिनी अवलक्की करतात. इथे पोह्यांना असंच म्हणतात, आता आम्हीही म्हणतो. थांब म्हणणारा कोण होता, हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. आज सांगायचंच असं ठरवून जायचो आणि ऑइल बदलून परत यायचो.

गाडी आता पंधराच्या घरात आहे. गेल्या पावसाळ्यापासून कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, कमी होऊ लागलं. आठवड्याला बोटभर. रात्रभर गाडीखाली पुठ्ठा ठेवला, सकाळी कोरडा. वरचा होज पाइप बदलला. क्लॅम्प बदलले. रेडिएटरची कॅप बदलली. शेवटी वॉटर पंपही बदलला. प्रेशर टेस्टर लावून बघितलं तर काटा जागचा हलेना, म्हणजे गळती नाहीच. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असा सगळा प्रकार. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत कुठलीच गाडी माझ्यावर एवढी हसली नव्हती.

"विकून टाकू की," वहिनी एकदा म्हणाल्या. "तुम्हाला किती त्रास."

"त्रास नाही," मी म्हणालो. "पुढच्या रविवारी सापडेल."

मग एक शुक्रवार आला. वहिनींच्या लेकीने बेळ्ळंदूरला फ्लॅट घेतला होता, त्याचा गृहप्रवेश होता. मुहूर्त दहा चाळीसचा. आम्ही आठ पन्नासला निघालो. वहिनी पुढच्या सीटवर, मांडीवर कलश, मागे तांदूळ आणि फुलं. मी पाणी पातळीपर्यंत भरून घेतलं होतं. शिवाय पाच लिटरचा कॅन सोबत घेतला होता.

रिंग रोडवर गाड्या मुंगीच्या पावलांनी चालत होत्या. नऊ चाळीसला काटा मधली रेघ ओलांडून वर गेला. मी एसी बंद केला आणि हीटर पूर्ण सोडला. इंजिनची उष्णता आत ओढून घ्यायची ही जुनी युक्ती आहे. उकाड्यात आम्ही दोघं हीटर लावून बसलो.

"भाऊजी, काटा वर चढायलाय."

"उतरेल."

"गोड वास यायलाय कसला तरी."

तो कूलंटचा वास होता. मला पहिल्या श्वासालाच कळलं. डाव्या बाजूला जागा होती. बंद दुकानासमोर, झाडाखाली, सपाट. यापेक्षा चांगली जागा मिळणार नव्हती. मी ती मागे टाकली.

"थांबवा की."

"मुहूर्त चुकेल, वहिनी."

"मुहूर्त दुसरा निघंल. इंजिन दुसरं कुठनं आणायचं?"

बाई बरोबर बोलत होती. मी स्वतः शेकडो पोरांना हेच शिकवलंय. काटा लालवर आला की विचार करायचा नाही, थांबायचं. मुहूर्ताचं मी खोटं बोललो होतो. गरम गाडी कडेला घेऊन थांबायची मला भीती वाटत होती. वर कडा नव्हता, डोंगर नव्हता, फक्त बँकेची पाटी होती. तरी पाय ब्रेकवर जाईना.

काटा लालला टेकला. वहिनींनी कलश एका हाताने धरला आणि दुसरा हात डॅशबोर्डवर ठेवला.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "ह्यांना तुम्ही थांब म्हणालात, ते थांबले. आता मी तुम्हाला म्हणतेय. थांबा."

मी गाडी डावीकडे घेतली, उभी केली आणि इंजिन बंद केलं. वेळ नऊ बावन्न.

बॉनेटमधून वाफ येत होती. एका ऑटोवाल्याने गाडी हळू करून पाण्याची बाटली पुढे केली. "नीरु बेका, सार?"

"आत्ता नको, अण्णा," मी म्हणालो. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं की हेडला तडा जातो, आणि गरम कॅप उघडली की तोंड भाजतं. चाळीस मिनिटं हात लावायचा नाही. ही मिनिटं मी कामात घालवू शकत नव्हतो.

वहिनींनी मुलीला फोन केला. "उशीर होतोय, बाळ. तुम्ही दूध उकळून घ्या. नको, काय झालं नाही. भाऊजी आहेत सोबत."

मग त्या समोरच्या एका बंद दुकानाच्या पायरीवर बसल्या. मी उभा राहिलो, सावधानमध्ये असल्यासारखा.

"तुम्हाला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"को-ड्रायव्हर तेराव्याला घरी आलेला. रेडिओवर काय झालं, सगळं बोलला. उस्तादांची काही चूक नाही, असंही बोलला."

"नऊ वर्षं तुम्हाला माहीत होतं."

"होय."

"आणि तुम्ही मला अवलक्की वाढत होता."

"मग काय उपाशी पाठवायचं?"

मी रुमाल काढला आणि स्वच्छ असलेले हात पुसत राहिलो. वहिनींनी मला तसं करू दिलं.

"मी होऊन विषय काढला असता तर तुम्ही यायचं बंद केलं असतं," त्या म्हणाल्या. "तुमचा स्वभाव कळतो मला. म्हटलं, सांगतील एक दिवस. मला रागवायचं नव्हतं, भाऊजी. मला एक विचारायचं होतं."

"विचारा."

"तो पोरगा पाण्याला गेलेला, त्याच्या मागनं ह्यांनी परत फोन लावला तुम्हाला. रेडिओ. त्याला ते मागाहून कळलं, पण त्यात काय बोलले, ते ठाऊक नव्हतं. तुम्हालाच ठाऊक. काय बोलले?"

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. चौकशीत मी फक्त 'थांबल्याचं कळवलं' एवढंच लिहून दिलं होतं, कारण रेडिओवर तसं बोलायची परवानगी नसते. परसू गेल्यावर त्याच्या नावापुढे बेशिस्तीची ओळ यायला नको, असं मला वाटलं.

मी पायरीवर वहिनींच्या शेजारी बसलो आणि जसं होतं तसं सांगितलं.

"'सहा थांबली, उस्ताद. तुम्ही सावकाश या, रस्ता घसरडा आहे. आणि थर्मासमध्ये चहा उरला असेल तर एकटेच संपवू नका. आउट.'"

वहिनींनी पदर तोंडाला लावला. आधी मला वाटलं, रडतायत. त्या हसत होत्या. खांदे हलेपर्यंत हसल्या, आणि मग रडल्या. मीही रडलो. फौजेत असताना मला ते जमलं नव्हतं.

"चहा," त्या म्हणाल्या. "तेच की. दुसरं काय मागतील."

दहा पस्तीसला मी कॅप उघडली. गळती तिथेच दिसली, इंजिनच्या मागच्या बाजूला, हीटरकडे जाणाऱ्या गंजलेल्या पाइपला. गरम झाल्यावरच ती चीर उघडायची. हीटर सोडून मीच तिला जोर दिला होता. रबराचा तुकडा आणि दोन क्लॅम्प लावून मी ती बांधली, पाणी भरलं आणि गाडी सावकाश बेळ्ळंदूरला नेली. मुहूर्त गेला होता. दूध उतू गेलं होतं. कुणी काही म्हणालं नाही.

इतकी वर्षं मला वाटायचं, मी वहिनींपासून माझा अपराध लपवतोय. मी त्यांच्या नवऱ्याचं शेवटचं बोलणं अडवून बसलो होतो. नाईक परशराम गावडे, ड्रायव्हर, गाडी सहा. त्याचा निरोप मी नऊ वर्षं उशिरा पोहोचवला.