फोनवरची बिर्याणी

माझ्या लहानपणी आमची ईदची बिर्याणी फक्त फोनवर शिजायची. अब्बा आखातात एका गोदामात कामाला होते. रजा दोन वर्षांतून एकदा मिळायची आणि ती कधीच ईदेला मिळाली नाही. पनवेलच्या दोन खोल्यांत अम्मी आणि मी, दोघीच. दोन माणसांसाठी तो तांब्याचा भलामोठा देगचा कोण चढवणार, असं म्हणत अम्मी सरळ कुकरला मसुराची खिचडी लावायची. शिरखुर्मा तेवढा करायची, कारण तो शेजारीपाजारी द्यावा लागतो, नाहीतर लोक नावं ठेवतात.

दुपारी अब्बांचा फोन यायचा. तिकडे ईद एक दिवस आधी, त्यामुळे त्यांची तोवर शिळी झालेली असायची. "काय काय केलंस?" ते विचारायचे. फोन स्वयंपाकघराच्या दाराशीच होता. अम्मी ओढणी सावरत सांगायची, "मटणाची बिर्याणी, सांदणं, सगळं. आणि तुम्ही?" "इथे कंपनीची दावत होती, जोरदार," ते म्हणायचे. मग रिसीव्हर माझ्या हातात. अम्मीने आधीच बजावलेलं असायचं, की इथे आपण खिचडी खातो हे कळलं तर तिथे त्यांच्या घशाखाली घास उतरणार नाही. मी इमानदारीने खोटं बोलायचे. सांदण म्हणजे नारळाच्या दुधातली, वाफवलेली तांदळाची वडी. ती मी इतकी मऊ करून सांगायचे की माझ्याच तोंडाला पाणी सुटायचं. अब्बा "वा, वा" म्हणायचे. मग बोलता बोलता मध्येच, "जा, जेवा आता, गार होईल," आणि फोन बंद. नऊ वर्षं हे असंच चाललं.

दोन हजार दहाच्या सुमाराला ते नोकरी सोडून कायमचे घरी आले आणि त्या रमजानमध्ये अम्मीची झोपच उडाली. देगच्याची कल्हई कधीच गेली होती, आतून तांबं हिरवं पडलं होतं. अब्बांनी ते पाहिलं असतं तर नऊ वर्षांच्या बिर्याण्या एका नजरेत उघड्या पडल्या असत्या. एका शुक्रवारी ते नमाजला गेले, तेव्हा अम्मीने देगचा गोणपाटात गुंडाळून मला रिक्षाने कल्हईवाल्याकडे पिटाळलं.

"वाटेत अब्बा भेटले तर काय सांगू?" मी विचारलं.

"सांग काहीतरी. तुला तर सवय आहे," ती म्हणाली. मला ते लागलं.

ईदेला देगचा लखलखत होता. बिर्याणी चांगली झाली, तळाला जराशी लागली एवढंच. सांदणं मात्र फुगलीच नाहीत. इतक्या वर्षांत अम्मीच्या हाताची सवय मोडली होती. अब्बांनी ती चपटी, घट्ट सांदणं चार खाल्ली आणि म्हणाले, "फोनवर ऐकली होती तशीच आहेत." अम्मीचा जीव भांड्यात पडला. मी खाली मान घालून जेवत राहिले.

दुसऱ्या दिवशी, बासी ईदेला, बिर्याणी उरलेली असूनही अब्बा म्हणाले, "आज खिचडी लाव."

"ईदेत खिचडी?"

"नऊ वर्षं तुम्ही दोघींनी जे खाल्लंत, ते मला एकदा खाऊ दे."

अम्मी हातातलं पातेलं तसंच धरून उभी राहिली. "कुणी सांगितलं?" तिने विचारलं, पण बघत होती माझ्याकडे.

"कुणी नाही. फोनवर कुकरच्या शिट्ट्या ऐकू यायच्या. बिर्याणीला कुठे शिट्टी होते? तिसरी झाली की मी फोन ठेवायचो."

मला आधी रागच आला. माझी एवढी सांदणं या माणसाने सगळं माहीत असताना "वा, वा" म्हणत ऐकून घेतली होती. अम्मी मात्र मसूर धुवायला लागली. तिचे डोळे पुसायलाही हात मोकळे नव्हते. कुकर चढल्यावर मी विचारलं, "आणि तुमची कंपनीची दावत?"

अब्बा शिट्ट्या मोजत बसले होते. तिसरी झाली तसे ते उठले आणि तीन ताटल्या घेत म्हणाले, "चला, जेवू या. गार होईल."