पानाची मागची बाजू

हातात कात्री घेऊन मी थांबले आहे. समोर बसलेल्या काकूंनी लेकीचं लहानपणीचं गोष्टींचं पुस्तक आणलंय. त्यातल्या खारीचं चित्र काचेखाली बसवून केलेलं लॉकेट त्यांना तिच्या लग्नात द्यायचंय. कापण्याआधी पान उलटून बघायचं, हे मी एका चुकीतून शिकले. एकदा न बघता कात्री चालवली आणि कुणाच्या आजोबांनी लिहिलेला आशीर्वाद अर्धा कापला गेला.

खारीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने लिहिलंय, ‘आई दुष्ट आहे.’ इतकं दाबून, की कागद फाटायचाच राहिलाय.

मी पान झाकते, पण काकूंनी चष्मा लावलाय. त्या वाचतात. पंखा फिरत राहतो. आता त्या उठून जातील, असं वाटतं. दागिन्याची एक बाजू जग बघतं. दुसरी अंगाला लागून असते, टोचली तर घालणारीलाच कळतं.

“खोडून टाकू?”

“नको. मागेही काचच लावा,” काकू म्हणतात. “मारलं होतं मी तिला त्या दिवशी. मला आठवतंय, हे कळू दे तिला.”

मी पान पालथं ठेवते आणि अक्षरांच्या मापाने लॉकेटचं वर्तुळ पुन्हा आखते. खारीची शेपटी त्याबाहेर जाते. जाऊ दे.