बाळंतिणीचं पाणी आणि आमचा गालिचा

त्या दुपारी शेजारच्या काकूंच्या टिपाडातलं पाणी मी काढलं. एवढं एक वाक्य मी आजवर कुणापुढेही बोललेलो नाही. बायकोपुढे नाही, आई होती तोवर तिच्यापुढेही नाही.

त्या वर्षी पाऊस झालाच नव्हता. जालना रोडच्या बाजूनं शहर वाढत होतं आणि आमची गल्ली त्याच्या अगदी टोकाला होती. समोर खोदून ठेवलेला रस्ता, बाजूला रेतीचे ढीग, मागं अर्धवट उभा राहिलेला बंगला. वारा सुटला की ते सगळं घरात यायचं. नळ कोरडे. टँकर आला की ज्यानं त्यानं आपलं पत्र्याचं टिपाड भरायचं आणि दारात झाकून ठेवायचं. दुसऱ्याच्या टिपाडाला हात लावायचा नाही, एवढाच त्या गल्लीचा कायदा होता.

आमच्या बैठकीत लोकरीचा एक गालिचा होता, वडिलांनी हौसेनं घेतलेला. ताईला बघायला आलेल्या पाहुण्यांतल्या एका आत्याबाईंनी त्यावर हात टेकला, तळहात उलटून बघितला आणि म्हणाल्या, "तुमचं शेत घरातच आहे वाटतं!" सगळे हसले. आईही हसली. त्या स्थळाकडून पुढं निरोप आला नाही. ताई तेव्हापासून गालिच्यावर पाय द्यायची नाही, कडेकडेनं जायची.

रविवारी दुसरं स्थळ यायचं होतं. गालिच्याचं काम माझ्याकडे आलं.

"उलटा घाल," आई म्हणाली. "पाठीवर हाण. तोंडावर हाणलंस तर रेती आणखीन बुडाला जाती. अन् रेती निघंस्तोवर पाणी लावू नको, बरं का. चिखल होऊन बसंल."

गच्चीवर गालिचा पालथा घालून मी काठीनं झोडपायला लागलो. उचलला की खाली पिवळ्या रेतीचा थर. झाडून घ्यायचा, पुन्हा पालथा घालायचा, पुन्हा हाणायचं. प्रत्येक वेळी थर तेवढाच. बोटांनी लोकर फाकवून बघितली तर मुळाशी तशीच पिवळी रेती. हाताला फोड आले. कॉलेजात शिकणारा मी, आईनं सांगितलेली रीत मला अडाणी वाटायला लागली. पाण्यानं सगळं वाहून जाईल, असं मी ठरवून टाकलं.

आमच्या घरात पिण्यापुरतंच पाणी होतं. खाली काकूंचं टिपाड भरलेलं, झाकणावर दगड. त्यांची सून नुकतीच बाळंत झाली होती. तिच्या आणि बाळाच्या न्हाण्यासाठी ते पाणी राखलेलं होतं. हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं, मलाही होतं. गल्ली झोपलेली बघून मी दगड उचलला.

पहिल्या बादलीला पिवळं गढूळ पाणी निघालं तेव्हा मला आनंद झाला. मग ते निघतच राहिलं. आई म्हणाली होती तसंच झालं. रेतीचा गारा झाला आणि लोकरीच्या मुळाशी घट्ट बसला. गालिचा उचलवेना. कसाबसा ओढून मी तो कठड्यावर टाकला. खाली टपटप सुरू झाली.

दिवस कलताना काकूंनी झाकण काढलं आणि गल्ली गोळा झाली.

मागच्या बंगल्याची राखण एक कुटुंब करायचं. मेंढरं विकून शहरात आलेलं. त्यातली बाई सकाळी काकूंकडे घागरभर पाणी मागून गेली होती. काकू नाही म्हणाल्या होत्या. तेवढं पुरलं.

"मागून मिळालं नाही म्हणून हात मारलास व्हय गं?"

"नाय ओ काकू. म्या टिपाडाला शिवले बी नाय."

"मग काय कावळे पिऊन गेले?"

कुणीतरी फिस्सकन हसलं.

"बाळंतिणीचं पाणी गं ते! मेंढरामागं फिरून हेच शिकलीस?"

"मेंढरामागं फिरले," ती म्हणाली, "पर इचारल्याबिगर दुसऱ्याच्या हिरीवर कळप कधी घातला नाय."

गालिच्याचा थेंब तिच्या खांद्यावर पडला. तिनं वर बघितलं. मी कठड्यामागं उभा होतो.

"दादा, तुम्ही दुपारभर वरच व्हता. दणदण आवाज येत व्हता. तुम्ही सांगा यांना."

सगळ्या माना वर झाल्या. आईचीही.

"मी कामात होतो," मी म्हणालो. "माझं लक्ष नव्हतं."

ती ठिबकणाऱ्या गालिच्याकडे बघत राहिली. तिला कळलं होतं. ठिबक सगळ्यांनाच दिसत होती, पण आमच्या घराबद्दल तसा प्रश्न कुणाच्या मनात येण्यासारखा नव्हता. तीही पुढं बोलली नाही. बोलली असती तर कुणी ऐकलं नसतं. हे तिला ठाऊक होतं, आणि मलाही.

दुसऱ्या दिवशी बंगल्याच्या मालकानं त्यांना काढलं. गाठोडी घेऊन ती माणसं आमच्या दारावरून गेली. मी आतल्या खोलीत होतो, पुस्तक उघडून.

बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आलो की ताईसाठी गप्प बसलो, चोराच्या बहिणीला कोण करून घेणार? पण ते खरं नाही. ताईचा विचार मला नंतर सुचला. त्या क्षणी मी फक्त घाबरलो होतो. रविवारी ओला गालिचा वास मारायला लागला, म्हणून आईनं तो मागं ढकलला आणि पाहुण्यांना खुर्च्या दिल्या. लग्न ठरलं. गालिच्याबद्दल आई मला पुन्हा कधीच बोलली नाही. ती चिडली असती तर मी कदाचित सांगून टाकलं असतं.

हे आता लिहायचं कारण असं. मागच्या महिन्यात त्या बाळाचं, म्हणजे काकूंच्या नातीचं, लग्न झालं. काकू थकल्यात, पण पंगतीत फिरून सांगत होत्या, "हिच्या न्हाण्याचं पाणी चोरलं होतं हो एका मेंढरंवालीनं!" लोक हसले. माझ्या हातात घास होता. मीही हसलो.

ती बाई करमाडकडे लेकाजवळ राहते, असं ऐकलंय. त्या रस्त्यानं मी रोज कामावर जातो. काकूंच्या दारात, त्या गल्लीतली जी माणसं उरली आहेत त्यांच्यासमोर, पाणी मी नेलं होतं हे मला सांगायचं आहे. मग करमाडला जाऊन ते तिला सांगायचं आहे, तिच्या लेकासमोर. यातलं अजून मी काहीही केलेलं नाही.